चाल कोणाची?

जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं माझ्या हार्मोनियमशेजारीच असतात. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं छापलेलं, पुढे मूळ गाण्याचे दोन-चार शब्द. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०च्या ‘शाकुंतल’पासून लावण्या, कीर्तनं, कर्नाटकी पदं, जिथून जमेल तिथून चाली उचलल्या आणि कुठून उचलल्या ते छापूनही टाकलं. पैसे कोणी मागितले नाहीत. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो, पण त्यानं पोट भरत नाही.

१९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजाननं गायलेल्या रेकॉर्ड निघाल्या आणि गाण्यापासून वेगळी अशी एक वस्तू बाजारात आली, तबकडी. ती कंपनीची. गाणाऱ्याला बिदागी मिळाली की हिशेब मिटला.

खरी गंमत १९५७च्या कॉपीराइट कायद्यात आहे. त्यात संगीतरचना म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांत उतरवलेली सुरावट. गळ्यातली चाल मोजणीतच नाही! नोटेशन छापून विकणाऱ्या विलायती बाजाराला हे शोभत असेल. आमच्याकडे? माझ्या गुरुजींनी ढिगानं चाली बांधल्या, कागदावर एकही नाही. वकिली केलेल्या भातखंडे यांनी घराण्यांतल्या चीजा स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या, हे उपकारच. पण ते गेल्यावर एकवीस वर्षांनी आलेल्या या कायद्याला तसा कागदच हवा होता, आणि खाँसाहेबांकडे तो कधीच नव्हता.

मुंबईच्या सिनेमात कागद होता, फक्त अक्षर दुसऱ्याचं. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवणार, गोव्याचा अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये उतरवून व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलोचे भाग वाटणार. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा हे काम करत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला-लिहायला शिकलेली ही मंडळी नसती, तर तो भरगच्च वाद्यमेळ उभाच राहिला नसता. त्यांचं नाव मात्र रेकॉर्डच्या वेष्टनावर क्वचितच दिसायचं. सेशन संपलं, पाकीट मिळालं, घरी जा.

साठच्या दशकात लताबाईंनी गायकाला रॉयल्टी मागितली. रफीसाहेबांचं म्हणणं, एकदा पैसे घेतले की संपलं. दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं सोडलं. १९६९ साली गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची आयपीआरएस ही संस्था निघाली. १९७७ साली तीच सुप्रीम कोर्टात हरली. निर्मात्यानं पैसे देऊन करवून घेतलेलं संगीत, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याचंच, असं ठरलं. त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी जाता जाता टोचलं, की आपल्याकडे गाणं गायकामुळे गाणं होतं आणि कायदा त्यालाच काही देत नाही.

संसदेला जाग यायला वेळ लागला. १९९४च्या दुरुस्तीत कागदाची अट गेली, गायक-वादकांनाही हक्क मिळाला. २०१२मध्ये, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरल्यावर, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्यानं पक्का झाला.

आता माझ्यासारख्याचं पाहा. मी तुकोबांच्या अभंगाला चाल लावतो आणि स्वतःच प्रसिद्ध करतो. शब्द सगळ्यांचे. चाल माझी, मी गेल्यानंतरही साठ वर्षं. रेकॉर्डिंग ज्यानं पुढाकार घेऊन करवून घेतलं त्याचं, प्रसिद्धीपासून साठ वर्षं. स्टुडिओचं बिल मी भरलं, म्हणून तेही माझं. तरी एका कंपनीनं याच अभंगाच्या तिच्या रेकॉर्डिंगवरून माझ्या व्हिडिओवर दावा ठोकला. चाल निराळी, राग निराळा, सारखे होते ते फक्त तुकोबांचे शब्द. मोबाइलवर तारखेसकट ठेवलेली चालीची पहिली गुणगुण तेव्हा कामाला आली.

नव्या पोरांना कंपन्या करार पाठवतात, ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’. सही करण्याआधी चाल आणि रेकॉर्डिंग यांची कलमं वेगळी करून मागा. अरेंजर, तबलजी, बासरीवाला यांच्याशी काय ठरलं तेही लिहून ठेवा. आणि शब्द किंवा चाल तुमची असून त्यांच्या रॉयल्टीवर पाणी सोडायला लावणारं कलम दिसलं, तर बेलाशक खोडा. असा वाटा वारसांना किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. कंपनीला लिहून दिलात तरी ते २०१२पासून कायद्यानं रद्दबातल आहे.