मांजराला ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देताय? एक गोळीही जीव घेऊ शकते

रात्रीचे अकरा वाजलेत. मांजर दुपारपासून जेवलेलं नाही, कोपऱ्यात अंग चोरून पडलंय. कानाला हात लावला तर गरम लागतोय. डॉक्टर सकाळशिवाय भेटणार नाहीत. अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "अर्धी क्रोसिन दे चुरून, बरं वाटेल त्याला."

सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ती अर्धी गोळी मांजरासाठी चक्क विष आहे. आपल्या घरात सगळ्यात बिनधास्त घेतलं जाणारं हे औषध मांजराला का चालत नाही, कुत्र्याला चालतं का आणि चुकून दिलं गेलं तर काय करायचं, ते नीट समजून घेऊ.

मुळात ताप आहे का?

माणसाचं नॉर्मल तापमान ९८.६ फॅरेनहाइटच्या आसपास असतं. कुत्र्या-मांजरांचं साधारण १००.५ ते १०२.५. म्हणजे ज्या आकड्याला आपण ऑफिसला दांडी मारून झोपतो, त्या आकड्याला मांजर एकदम ठणठणीत असतं. त्यामुळे हात लावल्यावर ते आपल्याला कायम गरमच लागणार. नाक कोरडं आहे की ओलं, यावरूनही ताप ठरत नाही.

खरं तापमान डिजिटल थर्मामीटरने गुदद्वारातून मोजतात. टोकाला थोडं व्हॅसलिन लावायचं आणि तो थर्मामीटर त्यांच्यासाठी वेगळाच ठेवायचा. आकडा १०३ च्या वर गेला तर डॉक्टरांना दाखवायचं. आणि ताप असो वा नसो, मांजराने २४ तास काहीच खाल्लं नसेल तर वाट बघत बसू नका. उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून तो वेगळाच गंभीर आजार होऊ शकतो.

आपल्याला चालतं, मग मांजराला का नाही?

पहिलं कारण साधं गणित आहे. ६० किलोच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर किलोमागे साधारण ८ मिलिग्रॅम औषध जातं. तीच गोळी ४ किलोच्या मांजराला दिली तर किलोमागे १२५ मिलिग्रॅम. म्हणजे पंधरा पट.

"मग अगदी चिमूटभर देऊ" असं कुणी म्हणेल. इथे दुसरं कारण येतं. आपलं यकृत पॅरासिटामॉलला एक रेणू जोडून त्याचं निरुपद्रवी रूप करतं आणि ते लघवीवाटे बाहेर जातं. हे काम करणारं एन्झाइम ज्या जनुकामुळे तयार होतं, ते मांजरामध्ये आहे, पण बिघडलेलं. वाघ-सिंहांमध्येही ते तसंच आहे. पिढ्यान् पिढ्या फक्त मांस खाणाऱ्या या कुळाला वनस्पतींमधली विषारी द्रव्यं पचवायची गरज पडली नाही, म्हणून हे जनुक निकामी झालं असावं, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

परिणाम असा की औषध शरीरातच राहतं आणि त्यातून घातक पदार्थ तयार होतात. ते लाल रक्तपेशींवर हल्ला करतात. हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. मांजर श्वास घेत असतं, पण ऑक्सिजन अवयवांपर्यंत पोचत नाही.

काही तासांतच लक्षणं दिसू लागतात. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, लाळ गळते, धाप लागते, लघवीचा रंग गडद होतो.

क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो यांत पॅरासिटामॉलच असतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही असतं. लहान मुलांचं सिरप "सौम्य" म्हणून देऊ नका, त्यातही हेच औषध आहे.

मग कुत्र्याला चालेल का?

कुत्र्यांना डॉक्टर कधीकधी वजन बघून, मोजून पॅरासिटामॉल देतात. पण डोस चुकला तर यकृत निकामी होऊ शकतं. त्यामुळे अंदाजाने नाहीच.

ब्रुफेन आणि कॉम्बिफ्लॅम तर दोघांनाही नकोच. त्यातल्या आयब्युप्रोफेनमुळे पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो आणि किडनीवर परिणाम होतो. डायक्लोफिनॅकचंही तेच.

कुत्र्याचं औषध मांजराला?

घरात दोघंही असतील तर हे नक्की वाचा. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायचे जे थेंब मिळतात, त्यातल्या काहींत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, पण मांजराचं शरीर तेही नीट बाहेर टाकू शकत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. म्हणून पाकिटावर मांजरांसाठी असं स्पष्ट लिहिलेलंच औषध वापरा. कुत्र्याला थेंब टाकल्यावर मांजराला त्याच्यापासून किती वेळ दूर ठेवायचं, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

स्वयंपाकघरातल्या या गोष्टीही लक्षात ठेवा

कांदा-लसूण: कच्चा, शिजवलेला किंवा मसाल्यातला, कसाही असला तरी लाल रक्तपेशी फुटतात. रस्सा-भात कालवून देण्याची सवय म्हणूनच धोक्याची. लक्षणं काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे कारण लवकर लक्षात येत नाही.

द्राक्षं, बेदाणे, मनुका: कुत्र्यांची किडनी बंद पडू शकते. त्यातल्या टार्टारिक ॲसिडवर संशय आहे आणि ते चिंचेतही भरपूर असतं.

चॉकलेट: जितकं डार्क, तितकं धोकादायक.

शुगरफ्री च्युइंगम: त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याची साखर तासाभरात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

लिलीची फुलं: बुकेमधल्या लिलीचे नुसते परागकण चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते.

दिलं गेलंच असेल तर?

लक्षणं दिसायची वाट बघू नका, लगेच निघा. पॅरासिटामॉलवर ॲसिटिलसिस्टिन नावाचा उतारा आहे, माणसांनाही तोच देतात. पण तो जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगी.

जाताना गोळीची स्ट्रिप किंवा पाकीट सोबत घ्या. काय दिलं, किती दिलं, कधी दिलं आणि प्राण्याचं वजन किती, हे स्पष्ट सांगा. रागावतील म्हणून लपवू नका, उपचार त्यावरच ठरतात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मिठाचीच विषबाधा होते. दूध पाजून विष उतरत नाही.

रात्री धावपळ होऊ नये म्हणून एक काम आजच करा. जवळ २४ तास सुरू असणारा प्राण्यांचा दवाखाना कोणता, ते शोधून नंबर सेव्ह करा. मुंबईत परळचं बैल-घोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे, पण तुमच्या भागात रात्री कोण फोन उचलतं ते आधीच विचारून ठेवा. आणि तोच नंबर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाका, कारण "अर्धी क्रोसिन दे" म्हणणारे बहुतेक वेळा त्याच ग्रुपमध्ये असतात.