अंधारांतील घड्याळ आणि धांवणाऱ्याचें बोट



हिंगोली जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर भल्या पहांटे अनेक मुलें-मुली धांवतांना दिसतात. कोणाला पोलीसदलांत जावयाचें असतें, कोणाला सैन्यांत. महाराष्ट्राच्या पोलीस भरतींत पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर धांवावें लागतें, आणि गुण मिळतात ते लागलेल्या वेळेवरून. कोरडवाहू शेतीवर ज्यांचें घर चालतें, त्यांच्या लेकरांस चार सेकंदांचा फरक म्हणजे नोकरीचा फरक होऊं शकतो. अशा धांवणाऱ्याच्या मनगटावरील साध्या घड्याळाची कळ कशी असावी आणि त्यांत दिवा कसा असावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचा इतिहास तीनशें वर्षांहून जुना आहे. तोच आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

आपल्याकडे पूर्वीं काळ मोजीत तो घटिकापात्रानें. बुडाशीं बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे आजचीं २४ मिनिटें, झाली. अहोरात्रांत अशा ६० घटिका. वाटीकडे डोळे लावून एक माणूस बसे आणि थाळीवर टोला देऊन इतरांस वेळ कळवी. बाकीच्यांना पाहण्याची गरजच नसे. शेतांत असो वा अंधारांत, कानांवर टोला आला कीं पुरे. घड्याळ खिशांत आलें तेव्हां मात्र पाहणारा आणि काम करणारा एकच झाला, व येथेंच खरी अडचण सुरू झाली.

तिचें पहिलें उत्तर इंग्लंडांत मिळालें, आणि तेंही कानासाठींच. कळ दाबल्यावर ठोके देऊन वेळ सांगणारें खिशांतील घड्याळ एडवर्ड बार्लो व डॅनिएल क्वेअर या दोघांनीं स्वतंत्रपणें सिद्ध केलें. वाद दुसऱ्या जेम्स राजापुढें गेला. बार्लोच्या घड्याळांत तासासाठीं एक व पावतासासाठीं दुसरी, अशा दोन कळा होत्या. क्वेअरच्या घड्याळांत एकच कळ दोन्ही ठोके देई. १६८७ सालीं राजानें क्वेअरच्या बाजूनें कौल दिला. यंत्र दोघांचेंही चांगलें होतें. जिंकला तो बोटाला कमी काम सांगणारा.

पुढें शर्यती आल्या. १८२१ सालीं पॅरिस येथें निकोला रियुसेक यानें घोड्यांच्या शर्यतींत तबकडीवर शाईचा ठिपका टाकून वेळ नोंदविणारें यंत्र वापरलें. नंतर मनगटी घड्याळांतही वेळ मोजण्याची सोय झाली. पण आरंभीं सुरू करणें, थांबविणें आणि कांटा शून्यावर आणणें हीं तिन्ही कामें एकाच कळीकडे असत. त्यामुळें एकदां थांबविलेली मोजणी तेथूनच पुढें चालू करतां येत नसे. १९३४ सालीं ब्रायटलिंग या स्विस कारखान्यानें शून्यावर आणण्याची कळ वेगळी केली. क्वेअरनें दोनांची एक केली म्हणून तो जिंकला, येथें एकाच्या दोन केल्या म्हणून सोय झाली. हा विरोध नव्हे. दोन कळा एकच काम करीत असतील तर एक जास्त आहे. एका कळीवर दोन परस्परविरोधी कामें असतील तर एक कमी आहे.

आतां दिव्याकडे वळूं. १८९८ सालीं क्यूरी दांपत्यानें रेडियम शोधलें आणि त्याचा रंग लवकरच घड्याळांच्या कांट्यांवर चढला. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील शिपायांस त्याचा फार उपयोग झाला. पण अमेरिकेंत न्यू जर्सी येथील कारखान्यांतील मुली कुंचल्याचें टोक ओठांनीं बारीक करून तो रंग देत. तें विष त्यांच्या हाडांत भिनलें व कित्येक जणी मरण पावल्या. १९२७ सालीं त्यांतील पांच जणींनीं दावा लावला आणि १९२८ सालीं तडजोड झाली. अंधारांत वेळ दिसावी यासाठीं दिलेलें हें मोल आपण विसरूं नये. आपल्याकडे गाडीवर चमकणारीं अक्षरें चिकटविणाऱ्या दुकानास लोक अजून ‘रेडियमचें दुकान’ म्हणतात. सुदैवानें तेथें रेडियमचा कणही नसतो. जपानच्या नेमोटो कंपनीनें १९९३ सालीं आणलेला नवा रंग दिवसाचा उजेड सांठवून रात्रीं देतो व किरणोत्सर्ग करीत नाहीं. त्याच्या आदल्या वर्षीं टाइमेक्स कंपनीनें सगळी तबकडी एकसारखी उजळणारा विजेचा दिवा घड्याळांत आणला.

तरीही प्रश्न सुटला असें नाहीं. कॅसियोचें एफ-९१डब्ल्यू हें १९८९ सालचें घड्याळ स्वस्त, हलकें आणि टिकाऊ म्हणून जगभर खपलें. त्यांतील इवलासा हिरवा दिवा एका बाजूनेंच उजेड देतो. शिवाय स्टॉपवॉच चालू असतां दिव्याची कळ दाबली तर आंकडे गोठून मधली वेळ दिसते. आणि स्टॉपवॉच थांबविल्यावर तीच कळ आंकडे शून्यावर आणते. म्हणजे पहांटे १६०० मीटर पुरे करून मुलानें मोजणी थांबविली आणि किती वेळ लागला हें पाहण्यासाठीं दिवा लावला, तर दिवा लागतो व वेळ पुसली जाते! दिवसां ज्याची आठवणही होत नाहीं, तो दोष अंधारांत घात करतो.

या इतिहासाचें सार असें कीं, दमलेल्या माणसाचें बोट जड होतें, घामानें निसटतें, आणि त्याचें लक्ष श्वासाकडे असतें. म्हणून दिव्याची कळ दिव्याचीच असावी. मोजणी थांबविण्याची कळ मोठी व स्पर्शानें ओळखूं येणारी असावी. आणि पुसण्याचें काम चुकून होणार नाहीं इतकें जाणूनबुजून करावें लागावें. घड्याळ घेतांना दुकानांत डोळे मिटून त्याच्या कळा चांचपून पाहाव्या. जें घड्याळ तेव्हां कळेल, तेंच पहांटेच्या रस्त्यावर उपयोगी पडेल. काळ अचूक मोजणें ही यंत्राची विद्या खरी. पण तो धांवणाऱ्याच्या हातीं सुखरूप देणें ही माणसाला ओळखण्याची विद्या आहे, आणि ती अधिक कठीण आहे.