नमुना आणि यंत्र : संगणकाची प्रतिमा व ड्रायव्हर यांच्या इतिहासाचा विचार

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव महाराष्ट्रात ‘नमुना’ या शब्दाशी कायमचे निगडित झाले आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली तेथे मृद्‌संधारणाचे व जलसंधारणाचे जे कार्य झाले, ते पाहून १९९२ मध्ये राज्य शासनाने आदर्श गाव योजना आखली आणि एका गावी सिद्ध झालेली गोष्ट अन्यत्र उतरविण्याचा प्रयत्न सुरू झाला. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदान ही सूत्रे कोणत्याही गावी जशीच्या तशी नेता येण्याजोगी होती. परंतु नाला कोठे अडवावा, समतल चर कोणत्या उंचीवर खणावेत, खाली मुरूम आहे की कातळ, हे ज्या त्या गावच्या भूमीलाच विचारावे लागते. ते नमुन्यात लिहून पाठविता येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ग्रामविकास नव्हे. तथापि एका नमुन्यावरून अनेक ठिकाणी उभारणी करू पाहणाऱ्यास सामान्य काय आणि स्थानिक काय हे आधी वेगळे करावे लागते, ही गोष्ट संगणकाच्या इतिहासात फार उघडपणे दिसते. तेथे या स्थानिक ज्ञानाला ‘ड्रायव्हर’ असे नाव आहे.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणक आहेत असे समजा. प्रत्येकावर कार्यप्रणाली, मराठी टंकलेखनाची सोय व अभ्यासक्रमाला लागणारे कार्यक्रम स्वतंत्रपणे बसवावयाचे म्हटल्यास आठवडा जातो. म्हणून एकच संगणक नीट सिद्ध करून त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल घेतात व ती उरलेल्या एकोणचाळीसांवर उतरवितात. या नकलेस सिस्टिम इमेज म्हणतात. येथे तिला ‘प्रतिमा’ म्हटले आहे. आता या प्रतिमेत कार्यप्रणालीबरोबरच मूळ यंत्रातील डिस्क-नियंत्रक, जाळ्याशी जोडणारी चिप, पडदा व ध्वनी यांच्याशी बोलणारे छोटे छोटे कार्यक्रमही येतात. हेच ड्रायव्हर होत. प्रतिमा ही वस्तुतः एका विशिष्ट यंत्राची स्मृती असते, आणि ती दुसऱ्या यंत्राच्या डोक्यात घातली की ते यंत्र नसलेल्या अवयवांचा शोध घेऊ लागते.

संगणक एकमेव होता त्या काळी हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक यंत्राला जुळे भावंड नव्हते. त्याच्यासाठी लिहिलेला कार्यक्रम त्याच्याच अंगाचा होता. प्रश्न जन्मास आला तो निरनिराळ्या उत्पादकांची, परंतु एकाच जातीच्या प्रक्रियकावर चालणारी यंत्रे बाजारात आली तेव्हा. अमेरिकेत गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपी/एम ही कार्यप्रणाली रचली. प्रत्येक नव्या डिस्क-नियंत्रकासाठी ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्याचा त्यांना कंटाळा आला, आणि इम्साय या उत्पादकासाठी काम करताना त्यांनी यंत्रावर अवलंबून असलेला सर्व भाग काढून एका वेगळ्या थरात ठेवला. त्या थरास त्यांनी ‘बायॉस’ म्हटले. नवे यंत्र आले की तेवढा एक थर पुन्हा लिहावयाचा, बाकीच्या प्रणालीस हात लावावयाचा नाही. कंटाळ्यातून झालेली ही विभागणी पुढील साऱ्या इतिहासाचा पाया ठरली, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९८३ च्या एमएस-डॉस २.० ने आणखी एक पाऊल टाकले. ‘कॉन्फिग’ नावाच्या साध्या मजकुरी फाइलीत एक ओळ लिहून वापरणाऱ्यालाच नवा ड्रायव्हर जोडता येऊ लागला. या व्यवस्थेत उपकरणाचे ज्ञान कार्यप्रणालीच्या कर्त्याकडून निघून उपकरणाच्या उत्पादकाकडे गेले. ही वाटणी सोयीची होती खरी, परंतु उत्पादकाने ते ज्ञान पुरविणे थांबविले तर काय, हा प्रश्न तिच्यातच दडलेला होता.

मराठीपुरते पाहिले तर याच काळात एक वेगळाच मार्ग आढळतो. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले व १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेले जिस्ट तंत्र देवनागरी अक्षरे कार्डाच्या रूपाने थेट यंत्रात बसवीत असे. डॉसवर चालणाऱ्या मूळ इंग्रजी कार्यक्रमास आपण मराठी मजकूर दाखवीत आहोत याची जाणीवही नसे. अक्षर पडद्यावर जाण्यापूर्वी कार्ड मध्ये उभे राही. आपली लिपी ही त्या वेळी अक्षरशः हार्डवेअर होती. त्यामुळे कार्ड असलेल्या संगणकावरील व्यवस्था कार्ड नसलेल्या संगणकावर नेली की मराठी नाहीशी होई. पुढे चित्रमय विंडोज आली, अक्षरे काढण्याचे काम कार्यप्रणालीने स्वतःकडे घेतले, आणि त्या खोबणीतील कार्डाचे प्रयोजन संपले.

प्रतिमा घेण्याची प्रथा सर्वत्र रुजविली ती न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील बायनरी रिसर्च या संस्थेच्या ‘घोस्ट’ने. १९९८ मध्ये सिमँटेकने ते विकत घेतले. आपल्याकडील संगणक-दुरुस्तीच्या दुकानांत ‘फॉरमॅट मारणे’ या क्रियापदाच्या शेजारी ‘घोस्ट मारणे’ हेही येऊन बसले, आणि मूळ कार्यक्रम मागे पडल्यावरही काही काळ टिकले. भाषेच्या अभ्यासकांनी या ‘मारणे’चा स्वतंत्र विचार करावा इतके ते बोलके आहे.

घोस्टची नक्कल अचूक असे, आणि तीच तिची अडचण होती. विंडोज एक्सपीच्या काळात (२००१ पासून) प्रतिमा नव्या यंत्रावर उतरविली असता दोन ठिकाणी ठेच लागे. पहिले ठिकाण हार्डवेअर आणि गाभा यांच्यामधील ‘हॅल’ नावाचा थर. आधुनिक वीजव्यवस्थापनाचे यंत्र, तसे नसलेले यंत्र, एक प्रक्रियक, अनेक प्रक्रियक, यांसाठी तो वेगवेगळा असे. न जुळणाऱ्या यंत्रावर प्रतिमा उभीच राहत नसे. दुसरे ठिकाण डिस्कचा ड्रायव्हर. जाळ्याचा किंवा ध्वनीचा ड्रायव्हर नसला तर यंत्र निदान सुरू होते, उणीव मागाहून भरता येते. डिस्कच्या ड्रायव्हरचे तसे नाही, कारण उरलेले सर्व ड्रायव्हर ज्या डिस्कवर आहेत ती वाचण्यासाठीच तो हवा असतो. कुलपाची किल्ली पेटीच्या आत ठेवून पेटी बंद करावी तसा हा प्रकार. परिणामी निळा पडदा व त्यावर ‘७बी’ने संपणारा दोषक्रमांक. एक्सपीजवळ नव्या साटा डिस्कसाठी लागणाऱ्या एएचसीआय पद्धतीचा स्वतःचा ड्रायव्हर नव्हता. त्यामुळे तंत्रज्ञ यंत्राच्या सेटअपमध्ये जाऊन डिस्क जुन्या आयडीई पद्धतीने चालावयास लावीत. ड्रायव्हर शोधण्याऐवजी यंत्रालाच जुने असल्याचे सोंग घ्यावयास सांगण्याची ही युक्ती वर्षानुवर्षे चालली. ती अशास्त्रीय म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु त्या युक्तीवाचून कित्येक प्रयोगशाळा सुरूच झाल्या नसत्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टाने योग्य हॅल स्वतः ओळखण्याची सोय केली आणि प्रतिमेचे स्वरूपही बदलले. डिस्कचा प्रत्येक कप्पा उतरवून घेण्याऐवजी आता फाइलींचा संग्रह प्रतिमेत राहू लागला, आणि त्यामुळे ती न चालविता, बंद स्थितीतच, तिच्यात ड्रायव्हर घालणे शक्य झाले. येथून पुढे व्यवस्थापनाचे दोन पंथ दिसतात. एका पंथाचे म्हणणे असे, की ड्रायव्हरांचा सारा संग्रह यंत्रापुढे ठेवावा व त्यानेच निवडावे. दुसऱ्या पंथास ही मोकळीक मान्य नाही. संग्रहात एकाच चिपला जुळणारे अनेक ड्रायव्हर असले की यंत्र अधिक नवा, परंतु त्या ठिकाणी बिघडणारा उचलते, असा त्याचा अनुभव आहे. म्हणून हा पंथ उत्पादकाच्या व मॉडेलच्या नावाने स्वतंत्र कप्पे करतो, उतरविण्याच्या वेळी यंत्राला त्याचे नाव विचारतो, आणि तेवढाच कप्पा उघडतो. पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत सामान्यतः हा दुसरा पंथ श्रेष्ठ मानलेला आढळतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या मताची फेरतपासणी करणे आवश्यक आहे. नामांकित उत्पादकाचा संगणक आपले नाव अचूक सांगतो. परंतु आपल्याकडील असंख्य संस्थांतील यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग आणून जोडलेली, म्हणजे ‘असेंबल्ड’ असतात. अशा यंत्रास नाव विचारले असता ते पुष्कळदा ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ असे उत्तर देते. उत्पादकाने नंतर भरावयाची म्हणून मदरबोर्डात सोडलेली जागा कोणी भरलेलीच नसते. दहा निरनिराळ्या यंत्रांचे हेच एक नाव असले की नावाच्या कप्प्यांची सारी पद्धत कोसळते. त्यात भर म्हणजे पेटीवर एकच नाव असलेल्या मदरबोर्डाच्या पुढील आवृत्तीत जाळ्याची चिप बदललेली असू शकते.

अशा ठिकाणी विश्वासार्ह ठरते ती निराळी ओळख. १९९२ मध्ये पुढे आलेल्या पीसीआय व्यवस्थेत प्रत्येक उपकरणास दोन क्रमांक दिलेले असतात : एक उत्पादकाचा, एक उपकरणाचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, आणि १९७८ च्या त्याच नावाच्या प्रक्रियकाची ती आठवण होय. हे क्रमांक चिपमध्ये किंवा तिच्या कार्डावर नोंदलेले असतात. पेटीवर काहीही लिहिलेले असो, विक्रेत्याने पावतीवर काहीही लिहिलेले असो, चिप आपला क्रमांक सांगते. जोडणीच्या यंत्रांनी भरलेल्या प्रयोगशाळेत मॉडेलच्या नावापेक्षा या क्रमांकांची यादी हाच व्यवस्थापनाचा खरा आधार होय. एका ठिकाणी श्रेष्ठ ठरलेली पद्धत दुसऱ्या ठिकाणी का अडखळते, याचे कारण येथे नेमके हाती लागते : ती पद्धत यंत्राच्या नावावर विसंबते, आणि नाव ही बाजाराची रीत आहे.

महाराष्ट्रातील दोन प्रयोगांनी हा प्रश्न सोडविण्याऐवजी टाळला, आणि दोन्ही प्रयोग म्हणूनच उद्बोधक आहेत. २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट येथील छोट्या शाळेत ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची हिरवी-पांढरी यंत्रे आली. ही सर्व यंत्रे एकाच घडणीची असल्याने एक प्रतिमा सर्वांना पुरे. यूएसबी काडीवरून ती कोणत्याही यंत्रात भरावी आणि पुढे जावे. विविधता नाहीशी केली की ड्रायव्हरांचा प्रश्नही नाहीसा होतो, ही त्यामागील भूमिका. तरीही एक काटा उरलाच होता. यंत्रांतील बिनतारी जोडणीची चिप मार्व्हेल या कंपनीची होती, आणि तिला लागणारा अंतर्गत कार्यक्रम खुला नव्हता. खुल्या प्रणालीचा पुरस्कार करणाऱ्या प्रकल्पाने हे का स्वीकारले, यावर २००६ मध्येच टीका झाली होती.

दुसरा प्रयोग कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्याचा. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात सुमारे ७० गावे घेऊन सहकारी साखर कारखान्याच्या सभासदांसाठी संगणक-केंद्रे उघडण्यात आली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी पाहणी केली तेव्हा असे आढळले, की या केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदींची देवघेव करण्यापुरता होतो आणि यंत्रांची देखभाल जड जाते. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांनी तेच काम करून पाहिले, व ते झाले. थकलेली यंत्रे जिवंत ठेवण्याऐवजी यंत्रच बदलणे तेथे शहाणपणाचे ठरले. परंतु शाळेला वा ग्रामपंचायतीला हा मार्ग नेहमीच मोकळा नसतो. दाखला शेवटी कागदावरच छापावा लागतो, आणि छपाईयंत्रास ड्रायव्हर हवा असतो.

या छपाईयंत्रापाशीच प्रश्नाची खरी धार जाणवते. ३२ बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही. उत्पादकाने नवा ड्रायव्हर काढला नाही, तर शाई, दाते, रूळ सर्व धड असलेले यंत्र एका दिवसात निरुपयोगी होते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. दर खेपेस नवी प्रतिमा तयार होते, आणि दर खेपेस काही धडधाकट उपकरणे तिच्या बाहेर राहतात. आपल्या संस्थांतील जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत, म्हणजेच बोलीतील डेडस्टॉक रजिस्टरात, अशा यंत्राची नोंद ‘संगणक संच, नग १’ एवढीच असते. किंमत असते, खरेदीचा दिनांक असतो. आत कोणत्या चिपा आहेत ते नसते. ते सापडले तर जुन्या प्रतिमेबरोबर कोणी जपून ठेवलेल्या ड्रायव्हरांच्या कप्प्यात सापडते, आणि नवी प्रतिमा तयार झाली की सर्वांत आधी पुसला जातो तो हाच कप्पा.