सोप्या कवितेचा अर्थ

खंडाळा म्हटलें म्हणजे पुष्कळांना बोरघाटांतलें थंड हवेचें ठिकाण आठवतें. आपला आजचा खंडाळा मात्र सातारा जिल्ह्यांतला आहे. पुण्याहून निघून नीरा ओलांडली म्हणजे त्या तालुक्याची हद्द लागते. तेथील नायगांवीं ३ जानेवारी १८३१ रोजीं सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. शिक्षिका म्हणून त्या सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्या कवयित्रीही होत्या, आणि विद्यार्थ्यांना कविता कशी समजावून द्यावी, या प्रश्नावर त्यांच्या कवितेनें चांगला प्रकाश पडतो.

१८५४ या एकाच सालीं दोन पुस्तकें निघालीं. परशुराम बल्लाळ गोडबोले यांनीं जुन्या कवींचे निवडक वेंचे घेऊन ‘नवनीत’ सिद्ध केलें, आणि सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. ‘नवनीता’वर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. जुनी कविता शिकविण्याची रीत ठरलेली होती : आधीं पदच्छेद, मग अन्वय, मग कठीण शब्दांचे अर्थ, शेवटीं वृत्त व अलंकार. मोरोपंतांच्या आर्येला ही रीत हवीच. अन्वय लागल्यावांचून तिचें दार उघडत नाहीं.

पण ज्या कवितेचें दार उघडेंच आहे, तिचें काय करावें? ‘काव्यफुले’मध्यें फुलपाखरूं आणि फुलाची कळी यांवर एक कविता आहे. देखणें फुलपाखरूं कळीपाशीं येतें, मध चाखतें, आणि तिला कोमेजलेली टाकून उडून जातें. शब्द सोपे, अन्वय सरळ. विद्यार्थी ‘जग स्वार्थी आहे’ असें तात्पर्य वहींत लिहून मोकळा होतो. कविता मात्र तशीच मागें राहते.

येथें शिक्षकानें अर्थ सांगूं नये, विचारावें. हें सारें कोण पाहत आहे? रूपाचें वर्णन कोणाचें, आणि दुःख कोणाचें? हीच हकीकत फुलपाखरानें सांगितली असती, तर काय बदललें असतें? या शेवटच्या प्रश्नाशीं मुलें थबकतात. मग त्यांच्या ध्यानांत येतें कीं, कवयित्री कळीच्या बाजूनें उभी आहे.

इतकें झाल्यावर इतिहास सांगावा. १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा निघाली. तेथें शिकवावयास जातांना सावित्रीबाईंना रस्त्यांत शेणमातीचा मारा सोसावा लागला. कविता प्रसिद्ध झाल्या तेव्हां त्यांचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें. मात्र हा क्रम उलटवूं नये. चरित्र आधीं सांगितलें, तर मुलें कवितेंत चरित्रच शोधतात आणि कळीकडे त्यांचें लक्ष जात नाहीं.

सावित्रीबाईंच्या बाबतींत बहुतेक असेंच झालें. त्यांना वंदन पुष्कळ झालें, वाचन थोडें. डॉ. मा. गो. माळी यांनीं संपादिलेलें त्यांचें समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें १९८८ सालीं प्रसिद्ध केलें, म्हणजे पहिल्या संग्रहानंतर तब्बल १३४ वर्षांनीं.

सोपी कविता शिकविणें हेंच खरें कठीण काम आहे. अवघड कविता वाचकाला आपण होऊन थांबविते. सोप्या कवितेपाशीं त्याला शिक्षकानें थांबवावें लागतें.