आगमनकाळ : नाताळपूर्वीची अंतर्मनाची तयारी

डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती घरांत कामांची यादी लांबत जाते. घराची रंगरंगोटी, नवे कपडे, नेवऱ्या-कलकलांचा घाट, मुलांचे स्नेहसंमेलन आणि कार्यालयातील वर्षअखेरीची घाई यांत महिना कधी सरतो ते कळत नाही. २४ तारखेच्या रात्री मिस्साला पोहोचताना शरीर थकलेले असते आणि मन कोरडे. ज्याच्या जन्मासाठी एवढा खटाटोप केला, त्याचे स्मरण करण्यासच सवड झाली नाही, ही खंत अनेकांना सलते. नाताळाआधी सुमारे चार आठवडे पाळला जाणारा ‘आगमनकाळ’ अशा वेळी मोलाचा आधार ठरतो.

‘आद्व्हेन्तुस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ आगमन. त्यावरूनच ‘अ‍ॅडव्हेंट’ हे नाव रूढ झाले. ३० नोव्हेंबर हा संत आंद्रियाचा सण. त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारी हा काळ सुरू होतो. त्यामुळे त्याची लांबी दरवर्षी बदलते. २०२२ मध्ये तो २८ दिवसांचा होता, तर २०२३ मध्ये अवघ्या २२ दिवसांचा. कॅथलिक आणि अनेक प्रॉटेस्टंट पंथांचे उपासनावर्षही याच रविवारी सुरू होते. कॅथलिक उपासनेत १६ डिसेंबरपर्यंतचा भर प्रामुख्याने ख्रिस्ताच्या पुनरागमनावर असतो आणि १७ ते २४ डिसेंबर हे दिवस त्याच्या जन्मसोहळ्याच्या थेट तयारीचे असतात. केरळमधील सुरियानी परंपरेत १ डिसेंबरपासून २५ दिवसांचे व्रत पाळले जाते.

या काळात धर्मगुरूंची वस्त्रे जांभळ्या रंगाची असतात. हा रंग प्रायश्चित्ताचा आणि प्रतीक्षेचा. तिसरा रविवार मात्र आनंदाचा मानला जातो व त्या दिवशी गुलाबी वस्त्रे वापरता येतात. एरवी रविवारच्या मिस्सात गायिले जाणारे ‘ग्लोरिया’ हे महिमागीत या चार रविवारी गायिले जात नाही. बेथलेहेमच्या देवदूतांच्या स्तवनाने आरंभ होणारे हे गीत नाताळच्या रात्री पुन्हा दुमदुमते, तेव्हा मधल्या मौनाचा अर्थ उमगतो.

हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या लावण्याची प्रथा जर्मनीतून आली. योहान हिनरिश विशर्न हे धर्मोपदेशक हॅम्बुर्ग येथे निराधार मुलांचा आश्रम चालवीत. ‘नाताळ कधी येणार?’ असे मुले सतत विचारीत म्हणून, असे सांगतात, त्यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी २० लहान लाल मेणबत्त्या बसविल्या. रोज एक ज्योत वाढत गेली. वाट पाहण्याचा काळ त्या मुलांना असा डोळ्यांनी दिसू लागला.

मात्र जांभळी वस्त्रे आणि मेणबत्त्या ही बाह्य चिन्हे झाली. अंतरीची तयारी कशी करावी, याचे उत्तर याच काळात वाचल्या जाणाऱ्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या प्रसंगात सापडते. लूककृत शुभवर्तमानानुसार, आम्ही काय करावे, असे लोकांनी त्याला विचारले. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक, नसलेल्याला द्यावा, असे त्याने सांगितले. जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक वसूल करू नये आणि शिपायांनी कोणाला लुबाडू नये, असेही त्याने बजावले. आपला व्यवसाय सोडून रानात येण्यास त्याने त्यांना सांगितले नाही. ज्याने त्याने आपल्या कामातच वाट सरळ करावयाची होती.

व्यग्र शहरवासीयांना हा मोठा दिलासा आहे. कारण या तयारीसाठी यादीत आणखी दहा कामे घालण्याची गरज नाही. रात्री जेवणापूर्वी दिवा मालवून कुटुंबाने एक मेणबत्ती लावावी आणि त्या दिवसाच्या शुभवर्तमानातील उतारा वाचावा. दहा मिनिटे पुरतात. पापनिवेदन शेवटच्या दिवसाच्या गर्दीवर न ढकलता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच करावे. घरकामास येणाऱ्या बाईंचा पगार सणाआधी हातात पडेल असे पाहावे. खरेदीतील एक वस्तू कमी करून तेवढी रक्कम गरजूला द्यावी. आणि वर्षभर अबोला धरलेल्या भावाला फराळाचे ताट पाठविण्यापूर्वी एकदा दूरध्वनी करावा. यादीतील सर्वांत कठीण काम बहुधा हेच असते.

मरिया आणि योसेफ बेथलेहेमला पोहोचले तेव्हा उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. तेथील कोणी दुष्ट होते असे शुभवर्तमान म्हणत नाही. नावनोंदणीसाठी लोक आपापल्या गावी निघाले होते, एवढेच ते सांगते. आपलीही घरे डिसेंबरात अशीच भरलेली असतात. त्या दाटीत थोडी जागा मोकळी करून ठेवणे, हीच आगमनकाळाची साधना.