तर्षण आणि परासरण : एका संज्ञेचा इतिहास

माधवनगर ज्या मिरज तालुक्यात आहे त्या तालुक्यात, तसेच वाळवे व शिरोळ येथील कृष्णाकाठच्या बागायतीत, ओलिताचे पाणी वर्षानुवर्षे मुरून जमिनी क्षारपड झाल्या. अशा रानात मुळांशी ओल असूनही पीक कोमेजते. मातीतील द्रावण मुळाच्या पेशीरसाहून अधिक क्षारयुक्त झाले म्हणजे पाणी आत शिरत नाही. प्रसंगी ते पेशीतून बाहेरच ओढले जाते. या क्रियेला मराठीत दोन नावे पडली असून त्यांतील भेद केवळ शब्दांचा नव्हे.

१७४८ साली नोले या फ्रेंच धर्मोपदेशकाने मद्यार्काच्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्याने बांधून ते पाण्यात बुडविले, तेव्हा पाणी आत शिरून पडदा फुगला. पुढे १८२६ ते १८२८ या काळात दूत्रोशे याने आत व बाहेर वाहणाऱ्या प्रवाहांना नावे दिली. त्यांच्या मुळाशी 'ढकलणे' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. १८७७ मध्ये फेफर याने हा दाब मोजला आणि व्हांट हॉफ याने त्याचा गणिती नियम बसविला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यालाच मिळाले.

मराठीने मात्र ग्रीक रूपक उचलले नाही. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या विश्वकोशाने (पहिला खंड १९७६) 'तर्षण' ही संज्ञा स्वीकारली. ती 'तृष्' धातूपासून आलेली. म्हणजे जे युरोपला ढकलणे वाटले, ते येथे तहान ठरले. पाठ्यपुस्तकांत रूढ झालेले 'परासरण' हिंदीतही आहे. 'सृ' धातूचे हे रूप निर्विकार, केवळ सरकणे सांगणारे. ('विसरण' ही त्याची भावंड संज्ञा शिकताना मराठी मुलास विस्मरणच आठवावे, हा योगायोग दुर्दैवी खरा.) पेशीचेही तेच झाले. विश्वकोश 'कोशिका' म्हणतो. 'पेशी' हा शब्द सुश्रुताच्या शारीरस्थानात मांसपेशीचा असून तेथे त्यांची संख्या पाचशे दिली आहे.

तहानेच्या रूपकात एक धोका आहे: त्याने पेशीला इच्छा चिकटते. वस्तुतः तर्षणासाठी पेशीला शक्ती खर्चावी लागत नाही. शक्ती वेचून होणारे वहन निराळे; स्कौ याने १९५७ मध्ये शोधलेला सोडियम-पोटॅशियम पंप हे त्याचे ठळक उदाहरण. पाण्याला पटलातून जाण्यासाठी प्रथिनांचे खास मार्ग असतात, हे ॲग्रे याने १९९२ मध्ये सिद्ध केले व त्याबद्दल २००३ साली त्यास नोबेल मिळाले. तथापि क्षारपड रानातील, पाण्यात उभ्या असलेल्या तहानलेल्या उसाचे वर्णन 'परासरण' करू शकत नाही, 'तर्षण' करते. अर्थवाहकतेत सरस असूनही तो शब्द शाळेबाहेर राहिला. परिणामी शालेय संज्ञा घेऊन विश्वकोश उघडणाऱ्या विद्यार्थ्यास 'प' या वर्णाखाली शोध घ्यावासा वाटतो. सविस्तर विवेचन मात्र 'त' खाली आहे.