वसईच्या वाड्या, कागदोपत्री

वसई म्हटले की किल्ला, चिमाजी अप्पा आणि 1739 सालचा मे महिना. त्या मोहिमेत हाती आलेल्या चर्चच्या घंटांनाही मान मिळाला. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवरचा 1721 हा सन लोक आजही माना वर करून वाचतात. पण तटाबाहेरच्या, नंदाखाल-निर्मळपासून आगाशीपर्यंतच्या वाड्यांचा इतिहास लिहायचा तर घंटांचा उपयोग नाही. त्यासाठी तहांतली दुर्लक्षित कलमे आणि वसुलाच्या वह्या चाळाव्या लागतात.

23 डिसेंबर 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. मोगलांच्या धास्तीने केलेला हा सौदा. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांची जकात, अरबी घोडे, असे बडे मामले त्यात आहेत. त्यांच्याच पंगतीला एक किरकोळ वाटणारे कलम बसले आहे: वसईच्या महसुलातून मशिदींना जे पाच हजार लारी (तेव्हाचे चांदीचे नाणे) मिळत, ते पूर्ववत मिळत राहावेत. दोनशे पाच वर्षांनी किल्ला मराठ्यांना देताना पोर्तुगीजांनी जवळपास तेच मागितले. तीन चर्चे राहू द्यावीत. एक शहरात, एक कसब्यात, एक साष्टीत. कलम लिहिणे वेगळे आणि पाळणे वेगळे, हे इथेही खरेच. तरी या दोन कलमांवरून एवढे नक्की म्हणता येते की दोन्ही वेळा राजा गेला आणि रयत मागे राहिली. निघून जाणाऱ्याला ते ठाऊक होते, येणाऱ्यालाही.

ही रयत काय पिकवत होती? पोर्तुगीज खजिन्याचा अधिकारी सिमाँव बोतेल्यो याने 1554 मध्ये केलेली महसुलाची नोंदवही 1868 साली लिस्बनला छापली गेली. तिच्यात वसईकडची गावे आणि त्यांचा आकार येतो, बराचसा भाताच्या मुड्यांत, म्हणजे धान्याच्या मापात. वसुलीची वही असल्याने ज्यावर कर बसतो तेवढेच तिला दिसते. लावणी कोणी केली, चिखलात कोण उतरले, हे तिच्याकडून कळत नाही. ती उणीव प्रवासवर्णन भरून काढील असे वाटते, पण प्रवाशाला तिसरेच काही दिसते. 1695 मध्ये आलेला इटालियन प्रवासी जेमेली कारेरी वसईपासून कसब्याकडे पंधरा मैल पसरलेल्या बागांवर खूश होतो. माड, आंबे, ऊस. यंत्रांनी पाणी चढवल्यामुळे बारमाही हिरवळ. उन्हाळ्यात आणि शहरात साथ आली की बडे पोर्तुगीज तिकडच्या आपापल्या घरांत जाऊन राहत, असेही तो सांगतो. म्हणजे वसईत ‘सेकंड होम’ची हौस बिल्डरांच्या आधी तीनशे वर्षे जुनी! कारेरीची यंत्रे म्हणजे रहाटच असणार. त्या रहाटामागे दिवसभर चालणारा माणूस मात्र त्याच्या वर्णनात नाही.

इंग्रजी अमदानीत, 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये, ऊस आणि केळी पुन्हा भेटतात, आणि आगाशीच्या सुक्या केळ्यांचे नावही निघते. ही सुकेळी आजही होतात. राजेळी जातीचे केळे पुरते पिकू द्यायचे, सोलून उन्हात मांडायचे, रोज उलटायचे, रात्री दव पडू द्यायचे नाही. मधासारखा रंग चढला की सुक्या केळीच्याच पानात घट्ट बांधायचे. ढग आले की सगळी मेहनत वाया. गॅझेटियर निघाले तोवर रेल्वेही येऊन स्थिरावली होती; 12 एप्रिल 1867 ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. पुढे हीच गाडी वाडीतली भाजी, दूध आणि फुले मुंबईला नेऊ लागली. मग उलट दिशेने माणसे आली.

यानंतरचे कागद भरपूर आहेत, पण त्यांत पिकांऐवजी चटईक्षेत्र मोजलेले असते. 1990 मध्ये वसई-विरारसाठी सिडको या सरकारी नगरनियोजन संस्थेला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांची हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिचा एक मुद्दा अगदी साधा होता: वाडीतल्या विहिरींचे पाणी टँकरने इमारतींना विकले, तर विहिरीत समुद्राचे खारे पाणी शिरते आणि केळ जळते. बावखलांचे, म्हणजे वाडीतल्या पावसाळी तळ्यांचे, कामही हेच की गोडे पाणी जमिनीत मुरवायचे. ती बुजवली की विहीर आणखी लवकर खारवते. 1695 ची हिरवळ ज्या पाण्यावर उभी होती, त्याच पाण्याचे हे भांडण.

3 जुलै 2009 ला चार नगरपालिका आणि 53 गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची वस्ती बारा लाखांच्या वर निघाली. गावांनी विरोध केला, आंदोलने झाली, 29 गावे वगळण्याचा प्रश्न कोर्टात गेला आणि वर्षानुवर्षे तिथेच घोळत राहिला. शहरात आलो तर घरपट्टी वाढेल, ग्रामपंचायत जाईल आणि वाडीवर आरक्षण पडेल, ही भीती त्या विरोधामागे होती.